बंद खोलीतला ढेकूण

आधी ती बॅग गादीवरून उचल. हो, तुलाच म्हणतोय, भाचेबुवा. न्हाणीघरात नेऊन ठेव, कोरड्या फरशीवर. हसा, हसा. मामाचं डोकं फिरलंय म्हणा, तुमची आईही तेच म्हणते. चष्म्याच्या फ्रेमा विकत उभा जन्म फिरतीवर गेला माझा. किती लॉजच्या किती खोल्यांत झोपलो, गणती नाही. पण गादीची शिवण पाहिल्याशिवाय कधी पाठ टेकली नाही.

ही विद्या मला ज्याने शिकवली, त्याची गोष्ट सांगतो. गोष्ट कसली, झालेलं आहे. त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नव्हता. थापा मारायचं काम आमच्यात माझ्याकडे होतं.

तो बटणं विकायचा. शर्टाची, कोटाची, सगळी. आम्ही फिरते विक्रेते त्याला 'टॉर्च' म्हणायचो. एक तर हातात कायम टॉर्च, आणि दुसरं म्हणजे डोकं. तुळतुळीत! केस औषधालाही नाही. मी त्याला म्हणायचो, अरे, टोपी अडकवायला वर एक बटण शिवून घे, फुकटचा माल आहे तुझ्याकडे.

पण खोली तपासावी तर त्यानेच. आत शिरला की आधी पलंग भिंतीपासून ओढायचा. चादर उलटायची. गादीच्या चारही शिवणी बोटाने उकलून बघायच्या, मग उशाकडची फळी. टॉर्च सरळ नाही मारायचा, आडवा धरायचा, म्हणजे बारीक जिवाचीही सावली पडते. आणि सगळं झालं की त्या फळीच्या पाठीमागे पेन्सिलीने खूण. ढेकूण असतील तर फुली, नसतील तर गोल. म्हणजे आपल्यामागून जो येईल त्याने निर्धास्त झोपावं. हळूहळू आम्ही सगळेच तसं करायला लागलो. कुठल्याही लॉजवर गेलं की आधी फळीमागे डोकवायचं. मालकांना याचा पत्ता नव्हता.

या सगळ्याच्या मुळाशी त्याची मुलगी. पोरीच्या हृदयाला जन्मापासून भोक. त्यात ढेकूण चावला की एवढाले फोड उठायचे अंगावर. ऑपरेशन ठरलं होतं, पण दोनदा पुढे गेलं. पहिल्यांदा सर्दी झाली म्हणून. दुसऱ्यांदा आदल्या रात्री लॉजमध्ये ढेकूण चावले, पोरीने छाती खाजवून खाजवून ओरबाडली. अशा कातडीवर सुरी चालवणार नाही म्हणाले सर्जन. आणि नंतर याला बाजूला घेऊन सांगितलं, "आता तिसऱ्यांदा थांबायला हिच्याकडे वेळ नाही."

हे वाक्य त्याने मला सांगितलं तेव्हा तो आपल्या शर्टाचं एकच बटण लावत होता, काढत होता, लावत होता.

तर ती रात्र. मंगळवार, अठरा नोव्हेंबर. बुधवारी सकाळी सहाला पोरीला भरती करायचं होतं. पोर नऊ वर्षांची. बायकोला नववा महिना, म्हणून ती घरीच. बापलेक संध्याकाळी सातला बसमधून उतरले. हॉस्पिटलजवळ खोली आधीच सांगून ठेवली होती. जायचं, जेवायचं, झोपायचं. काम साधं.

त्या खोलीत ढेकूण निघाले. दुसऱ्या लॉजमध्ये गेला, तिथेही. तिसऱ्यात, चौथ्यात. बिचारे रुग्णांचे नातेवाईक कुठून कुठून येणार, बॅगा गादीवर टाकणार, तिथे दुसरं काय होणार? हॉस्पिटलच्या हॉलमध्ये बसावं म्हटलं, तर तिथे निम्मी माणसं खोकत होती. सर्दीने एकदा तारीख घालवलेली. रात्रीचे अकरा वाजले. पोरीच्या ओठांवर निळी झाक यायला लागली होती.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक शेवटचं लॉज. काउंटरवर म्हातारा मालक.

"खोली नाही," तो मान वर न करता म्हणाला.

मागच्या खिळ्यावर एक किल्ली लटकत होती. "ती कुणाची मग?"

"ती खोली देत नाही आम्ही. वर्ष झालं, बंद आहे."

हे ऐकून याला आनंद झाला! आता तुम्ही म्हणाल, वेडा आहे का? वेडा नाही, जाणकार. उपाशी ढेकूण वर्षभरही तग धरतो, पण कागदासारखा चपटा होतो, फिकट पडतो, हालचाल मंद. एखाददुसरा असला तर टिपून टाकता येतो.

"मग हीच द्या."

"अहो, ऐकून तर घ्या..."

"बाबा, उद्या हिची छाती उघडणार आहेत. एक रात्र द्या मला. पाया पडतो तुमच्या." आणि खरोखरच वाकला तो.

म्हाताऱ्याने पोरीकडे पाहिलं. मग किल्ली काढून दिली. "पलंगावर नका झोपवू हिला," एवढंच म्हणाला. खोलीत दोन खुर्च्या आहेत हे विचारून घेऊन याने आठ बशा मागितल्या आणि दोघं वर गेले.

खोलीत एक पलंग, दोन लाकडी खुर्च्या, खिळे ठोकून बंद केलेली खिडकी. जमिनीवर धुळीचा थर. पोरीला दारातच उभं करून हा आत गेला. पलंग ओढला. एक शिवण, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या शिवणीत, उशापाशी, एक सापडला.

चपटा नव्हता. टच्च फुगलेला होता.

त्याने तो कागदात धरून दाबला. कागद लाल झाला. ताजं रक्त, काल रात्रीचं, फार तर परवाचं. आता वर्षभर बंद खोलीत हा कुणावर पोसला? याला वाटलं, लॉजचा कुणी नोकर गुपचूप येऊन झोपत असणार. म्हणून त्याने टॉर्च जमिनीवर फिरवला. दारापासून पलंगापर्यंत धुळीत बुटांचे ठसे होते. एकाच माणसाचे. त्याचे स्वतःचे.

"काय सापडलं, बाबा?"

"काही नाही गं."

पण सवय जाते कुठे? खिशातून पेन्सिल काढली आणि फळीमागे फुली मारली. पोर बापाची विद्या ओळखून होती. "फुली काढलीस ना?" म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला. "मग गोल कधी काढणार?"

हा तिच्यापुढे उकिडवा बसला. म्हणाला, "फुली खोलीला, गोल तुला. सकाळी तू अंगावर एकही चावा नसताना उठलीस ना, की तुझ्यावरच काढतो गोल. म्हणजे डॉक्टरांनी निर्धास्त काम करावं." पोर हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

जायला दुसरी जागा नव्हती. मग त्याने काय केलं, दोन्ही खुर्च्या ओल्या फडक्याने पुसून खोलीच्या मधोमध समोरासमोर जोडल्या. आठ पायांखाली पाण्याने भरलेल्या आठ बशा, म्हणजे ढेकूण वर चढायला नकोत. घरून आणलेली चादर घालून पोरीला निजवलं. आणि स्वतः शर्ट, बनियन काढून उघडा त्या पलंगावर झोपला. आमिष म्हणून! ढेकणाला दोनच गोष्टी कळतात, ऊब आणि श्वास. जे येतील ते माझ्याकडे येतील, असा हिशेब. हातात टॉर्च आणि ओला साबण, दिसला की साबणाने टिपायचा. दिवा मालवला, कारण उजेडात ते दडून राहतात. पलंगाच्या उजव्या कडेला तो पडला. डावी बाजू रिकामी.

बारा वाजले. एक वाजला. एकही आला नाही.

दोन चाळीसला फळीमागे सरसर आवाज झाला. त्याने टॉर्च आडवा धरून लावला.

ढेकूण येत होते. एक नाही, दहा नाही. रांग. फळीवरून उतरत होते, उशीवरून येत होते. त्याच्या दंडापाशी आले... आणि वळले. त्याला शिवलेसुद्धा नाहीत. सगळे पलीकडे निघाले. रिकाम्या बाजूला.

तो बघत राहिला. चादरीवर एका जागी पोहोचले की ते चढायला लागायचे. वर. कशावर? चादरीच्या वीतभर वर, काही नसताना, ढेकूण थांबले होते. शांत. आणि हळूहळू फुगत होते. लाल होत होते.

एक ओळ मानेची होती. एक खांद्याची. एक दंडाची. कुणीतरी कुशीवर झोपलं होतं. त्याच्याकडे पाठ करून.

त्याने साबण उगारला, पण टिपायचं काय?

पलंग करकरला. सगळी ओळ एकदम हलली. खांदा वळला. दंड वळला. तोंड असेल तर आता त्याच्याकडे होतं... वीतभर अंतरावर. श्वास नव्हता. ऊब नव्हती.

मग तो दंड उचलला गेला. ढेकणांची ती ओळ हवेत वर आली. लांब झाली. त्याच्या छातीवरून पलीकडे गेली. खुर्च्यांकडे.

पोरीकडे.

"नको," तो म्हणाला. "तिला नको. मला घे... हवं तर मला घे."

हात थांबला. तसाच. बोट दाखवावं तसा. पोरीकडे नाही. पोरीच्या वर.

त्याने टॉर्च वर केला.

छत काळं झालं होतं. बरोबर खुर्च्यांच्या वर. बशांतल्या पाण्याला वळसा घालून, भिंतीवरून, छतावरून ते आले होते. टपकायच्या बेतात. एवढा जाणता माणूस... सगळं पाहिलं, छत पाहिलं नाही.

त्याने उडी मारली. टॉर्च हातातून निसटला, विझला. अंधार. चाचपडत खुर्च्या सापडल्या. पोरीवर तो ओणवा झाला, उघड्या पाठीचं छप्पर करून. आता पडतील. आता पाठीवर पडतील...

पाठीवर काहीतरी आलं. ढेकूण नव्हते. वजन होतं. गार. त्याच्यावरही कुणीतरी ओणवं झालं होतं.

तो हलला नाही. टप. टप. वर पडत होतं. त्याच्या पाठीला काही लागत नव्हतं.

पोर झोपेत कुरकुरली. "बाबा..."

"काय गं?"

"तुझे केस माझ्या तोंडावर येतायत."

...

पाच वाजता गजर झाला तेव्हा पाठीवर काही नव्हतं. दाराशी जाऊन त्याने दिवा लावला. खुर्च्यांभोवती धुळीत ढेकूण पडले होते, ओंजळीने भरावेत इतके. फुगलेले, लाल आणि मेलेले. याच्या अंगावर एक चावा नाही. पोरीच्या हातांवर, गालांवर, मानेवर काही नाही. तो खाली बसला आणि तोंडात चादरीचा बोळा कोंबून रडला, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून.

निघताना किल्ली देताना त्याने म्हाताऱ्याला विचारलं, "कोण होती?"

म्हातारा चपापला, पण लपवलं नाही त्याने. "तिचा मुलगा याच हॉस्पिटलात भरती व्हायचा होता. रात्रभर त्याच्यावर अशी ओणवी बसायची, ढेकूण लागू नयेत म्हणून. एका रात्री डोळा लागला तिचा. सकाळी मुलाच्या अंगावर चावेच चावे. पुढची तारीख मिळाली, पण तोवर मुलगा राहिला नाही. मग ती इथे परत आली... त्याच पलंगावर पडली. उठलीच नाही."

"केस लांब होते?"

"कमरेपर्यंत. तुम्हाला कुणी सांगितलं?"

याने पोरीचा हात धरला आणि चालू लागला.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. ती पोर आज शाळेत मास्तरीण आहे, माझ्याकडून चष्मा नेते आणि पैसे बुडवते. ते लॉज पाडलं, तिथे आता औषधांचं दुकान आहे. त्यानंतर आमच्या या टॉर्चने खोल्या तपासणं सोडलं नाही, पण हातातला उजेड आधी छतावर मारायला लागला. हे मी स्वतः पाहिलंय.

पण एक गोष्ट राहिली. सकाळी सहाला भरती करताना नर्सबाईंनी पोरीला तपासलं. हात, पाय, पाठ, सगळं स्वच्छ. "छान," म्हणाल्या. मग फ्रॉकची वरची बटणं काढली आणि थांबल्या.

छातीवर, जिथे कापायचं होतं बरोबर तिथे, बोटाने काढावा तसा एक गोल होता. वाळलेल्या रक्ताचा. नर्सबाईंनी ओल्या कापसाने पुसला. खाली कातडी कोरी, ओरखडाही नाही.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"मी," टॉर्च म्हणाला.

त्याने नव्हता काढला. सकाळच्या घाईत तो विसरूनच गेला होता. पेन्सिल खिशातच होती, आणि ती काळी होती.