मानीबाईच्या गळ्यातले हात

ज्या दिवशी माझी बायको बसंती गेल्याचं मला कळलं, त्या दिवशी मी पुसदला होतो. ही गोष्ट माझ्या घरातली आहे आणि खरी आहे. कोणाला पटवायला मी बसलेलो नाही. झालं ते सांगतो.

१९५९ साल. पौष महिना. कापसाची गाडी जिनिंग कारखान्यासमोर लावून मी नंबरची वाट पाहत होतो. दुपारी माझा चुलतभाऊ भावसिंग सायकलवर आला. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्याहून तो पहाटेच निघाला होता. त्याचं तोंड पाहून मी बिडी टाकली.

"भाऊ, तू सायकल घे. गाडी मी आनतो."

"काहून?"

"भाभी गेली."

तिला ताप नव्हता. खोकला नव्हता.

"कशानं?"

भावसिंग खाली पाहत म्हणाला, "काल मानीबाई रडून गेली. मंग भाभी उठलीच नाही."

इथे आमची रीत सांगावी लागेल. आम्ही बंजारे. आमच्या बाया खूप दिवसांनी भेटल्या, कोणाकडे मयत झाली, की गळ्यात हात घालून रडतात. चालीवर रडतात, एकेक दुःख नाव घेऊन. दोघी रडतात आणि दोघी हलक्या होतात.

मानीबाई मात्र रोज यायची.

शेजारच्या रामसिंगची बायको. दुपारी तांडा शेतात गेला की ती बसंतीच्या गळ्यात पडायची. सासूचं रडायची, नवऱ्याचं रडायची, मेलेल्या म्हशीचं, वीस वर्षांपूर्वीच्या भांडणाचं. बसंतीची पाळी कधी यायचीच नाही.

रडून झालं की मानीबाई ओढणीने तोंड पुसून हसायची. "बसंती, तुह्या गळ्याशी रडलं ना, का मले दोन भाकरी जास्त जाते."

आणि बसंती भिंत धरून उठायची. तिचे हात गार पडलेले असत. जातं फिरत नसे.

एकदा ती मला म्हणाली, "तिले येऊ नको म्हना. माह्या अंगात काही राह्यत नाही."

मी म्हणालो, "रडाले आलेल्या बाईले हाकलतात का? तांडा काय म्हनल?"

तिने पुन्हा सांगितलं नाही.

मी पोचलो तेव्हा तिला आडवं केलं होतं. पण मान डावीकडे वाकलेली. सरळ होत नव्हती.

डाव्या खांद्यावरची ओढणी अजून ओली होती...

मानीबाई तिथेच बसली होती. बायांना सांगत होती, "आता मी कोनापाशी जाऊ वं?"

चितेसमोर उभा राहून मनात एवढंच म्हणालो, बसंती, हिने जे नेलं ते हिच्यापासून काढून घे.

दहावा दिवस. भर दुपार. मी अंगणात दोर वळत होतो. कोंबड्या माती उकरत होत्या.

एकदम थांबल्या...

कुत्रा उठून लांब जाऊन बसला.

मग घुगऱ्या वाजल्या...

केसांत बांधायच्या चांदीच्या घुगऱ्या. तो आवाज बसंतीचा. मी आत जाऊन पेटी उघडली. घुगऱ्या फडक्यात होत्या. गाठ मी बांधली तशीच.

बाहेर आवाज माझ्या अंगणातून रामसिंगच्या दाराकडे गेला.

थोड्या वेळाने तिकडून रडणं ऐकू आलं. चालीवरचं. दोन बायांचं...

घरात मानीबाई एकटी होती.

मग रोज तेच. पंधरा दिवसांत मानीबाईला घागर उचलेना. महिन्याने भाकरी मोडवेना. रामसिंगने एक भगत आणला. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि पाय मागे घेतला.

"हे लागलेली नाही," तो म्हणाला. "हे भेटाले येते. पाहुनीले मी काय करू?"

तेव्हा रामसिंग माझ्याकडे आला.

"डोंगरभाऊ, तू चाल. तिले पानी दे."

रडणं थांबवायचीही रीत आहे. जवळचं माणूस लोटाभर पाणी पुढे करतं. म्हणतं, बस झालं, पाणी घे. मग गळ्यातले हात सुटतात.

"माह्या हातचं ते घेत नाही. तू तिचा मानूस. तुह्या हातचं घेईन."

मी लोटा भरून गेलो.

मानीबाई जमिनीवर बसली होती. मान डावीकडे वाकलेली. समोर कोणी नव्हतं. पण तिच्या खांद्यावरची ओढणी माझ्या डोळ्यांदेखत ओली होत होती...

आवाज बसंतीचा होता.

सासूचं. नवऱ्याचं. म्हशीचं. वीस वर्षांपूर्वीच्या भांडणाचं. एकही सोडत नव्हती. मानीबाईचं सगळं मानीबाईच्या गळ्यात परत घालत होती.

मानीबाईने माझ्याकडे पाहिलं. ओठ फुटले होते. "भाऊ... पानी दे तिले. पाया पडतो."

मी लोटा तोंडाला लावला. शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

"काय करून राह्यला, डोंगरभाऊ!" रामसिंग ओरडला.

"तहान लागलती," मी म्हणालो.

मी दाराबाहेर पाय टाकला आणि मागे चाल बदलली...

मानीबाईची दुःखं संपली होती. आता बसंती स्वतःचं रडत होती.

पहिलंच नाव माझं होतं.

मी मागे वळून पाहिलं नाही.

त्याला सात वर्षं झाली. मानीबाई जिवंत आहे. खाटेवर असते, रामसिंग तिला भरवतो. दुपारी कोंबड्या थांबतात, घुगऱ्या माझ्या अंगणातून निघतात. यंदा मात्र निघायच्या आधी त्या माझ्या दाराशी थांबतात. सुरुवातीला घटकाभर थांबायच्या. आता जास्त वेळ...

रामसिंग अजून येतो. आता नुसता हात जोडतो.

बसंतीला मी अजून पाणी दिलेलं नाही.