बाराशे पन्नासची रेघ

रायपूर छत्तीसगढची राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती. शंकर नगरात रोज नव्या सरकारी कचेरीची पाटी लागायची. यशदीपची नोकरी मात्र अजून कच्चीच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो फेराइटच्या, म्हणजे चुंबकी मातीच्या, टिकल्या भाजायचा. आच वाढली की आतले कण फुगतात, छिद्रं बुजतात. एवढंच दाखवायचं होतं, पण पक्की नोकरी त्या शोधनिबंधावर अडली होती.

शेवटची टिकली बाराशे पन्नास अंशांवर भाजायची होती. त्या दिवशी हा गडी बायकोसोबत गोल बाजारात साड्या बघत बसला. मग साडेअकराशेच्या टिकलीचा सूक्ष्मदर्शकातला फोटो घेतला, मोठा केला, उलटा फिरवला आणि खाली १२५० लिहिलं. कोपऱ्यातली तीन छिद्रं तशीच राहिली.

भट्टी सांभाळायचे हिरालालकाका, त्याच्या वडिलांचे जुने सोबती. दर भाजणीला ते भट्टीच्या दारावर खडूची रेघ ओढत.

"बाबू, शेवटची भट्टी कधी लागली? रेघ नाही ना इथं."

"तुम्हीच विसरले असाल काका," यशदीप विभागप्रमुख साहेबांसमोर म्हणाला.

रेघ ओढायला विसरतात म्हणून काकांना त्याच दिवशी भट्टीवरून काढलं. जाताना मान त्यांनी खाली घातली होती. खरं तर कोणी घालायला हवी होती, हे यशदीपला पक्कं ठाऊक होतं.

पुढे निबंधाच्या परीक्षकांनी प्रत्यक्ष टिकली मागितली. यशदीपने मुकाट्याने भट्टी लावली, नवी टिकली भाजली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

तोच फोटो. तेच कण, तीच तीन छिद्रं, उलटी.

दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता! याला दरदरून घाम फुटला. त्याने हजार अंशांची टिकली पाहिली. तेच.

न भाजलेली, कच्ची टिकली पाहिली.

तेच.

संध्याकाळी तो पुरानी बस्तीत काकांच्या घरी गेला. काका बाजेवर पाय पसरून बसले होते.

"काका, मी खोटं बोललो. भट्टी लावलीच नव्हती. तुमच्यावर ढकललं. उद्या सायबाले सांगतो, नोकरी जाऊ दे."

"काहून रडून राहिला?" काका हसले. "राहिली होती ना तुही भट्टी? मी लावून टाकली."

"कुठं?"

काकांनी पाय बाजेखाली सोडले.

यशदीप पाया पडायला वाकला. हाताला टाचेचा चटका बसला.

टाचेवर भेगांनी आखलेले मोठे कण होते. कोपऱ्यात तीन छिद्रं.

आणि पोटरीवर खडूची एक ताजी रेघ.