भाऊमंडळींची पुडी

दार लोटून घ्या रे, वारा आत नको. ही गोष्ट ज्याच्यावर बेतली, तो योंग-शुन तैवानात, तायचुंगला माझ्या शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर जोडायचा. गेल्या साली, तिकडच्या पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, संध्याकाळी तो माझ्याकडून मशीन थंड ठेवायचा मोठा पंखा घेऊन गेला. पंखा चोख होता. माझा माल दगा देत नाही.

त्या महिन्यात तिकडे बेवारस भुतं मोकळी सुटतात. त्यांना भूत म्हणायचं नाही, भाऊ म्हणायचं. दारासमोर मेज मांडून फळं, खाऊ ठेवायचा, प्रत्येक जिनसात उदबत्ती खोचायची. उदबत्ती खोचली की भाऊमंडळींना आमंत्रण पोचलं.

योंग-शुनच्या बायकोनं, रुओ-लाननं, तीन वर्षं खपून एक कार्टूनपट केला होता. सकाळी नऊच्या आत तो महोत्सवाला पाठवायचा होता आणि शेवटची दृश्यं अजून मशीनमध्येच तयार होत होती. प्रोसेसर कालपासून पूर्ण ताकदीनं चालू.

"वेग उतरव जरा," रुओ-लान म्हणाली. "नव्वद अंशांवर गेलाय. बंद पडला तर?"

"उतरवला तर उद्याची दुपार होईल. मग महोत्सवात सिनेमा दाखवायचा सोडून बस तिथं दारात तिकिटं फाडत."

"मोठा आलाय शहाणा! निदान पुडी तरी ठेव."

पुडी म्हणजे मक्याच्या खाऊची, हिरवी. ती वर ठेवली की मशीन शहाण्यासारखं वागतं. तिकडचे भलेभले इंजिनिअर ठेवतात. योंग-शुनला घरात एकही सापडली नाही. म्हणून त्यानं बाहेरच्या मेजावरची उचलली, उदबत्ती उपटून टाकली आणि पुडी मशीनवर ठेवली.

रुओ-लान वर झोपायला गेली. हा खुर्चीत बसून पडद्यावरचा तापमानाचा आकडा बघत राहिला. उठे, फेऱ्या घाली, पुन्हा बसे.

मध्यरात्र उलटली. पंख्याची घरघर थांबली.

आता मिनिटभरात सगळं बंद पडणार! तो धडपडत उठला. आकडा पाहिला.

ब्याण्णव. सत्त्याऐंशी. ऐंशी...

उतरत होता.

पंखा तर थांबलेला. आणि खोक्यातून...

फू...

गरम सूपवर फुंकर घालावी तशी.

फू...

"रुओ-लान?"

त्यानं जीभ चावली. त्या महिन्यात रात्री कुणाला नावानं हाक मारत नाहीत; भाऊमंडळी ते नाव लक्षात ठेवतात.

फुंकर थांबली. कुणीतरी कान देऊन ऐकावं तशी.

आकडा चढू लागला. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याण्णव...

त्याचं बोट बटणावर गेलं. बंद केलं तर तो वाचला. आणि तिची तीन वर्षं?

बोट मागं आलं.

"भाऊ..." तो पुटपुटला. "थांबू नका."

...

फू...

सकाळी कार्टूनपट वेळेत गेला. रुओ-लाननं हसत मशीन बंद केलं, वायरही उपटली. खोक्याची एक बाजू काचेची. तिच्यावर वाटीएवढी वाफ धरली होती. तिनं बाहीनं पुसली.

पुसली जाईना. वाफ आतून होती.

लहान व्हायची... मोठी व्हायची...