साफ केलेला आवाज

माझा नवरा केदार पुण्याचा, मी नागपूरची. मी 'येतेय'ऐवजी 'येऊन राहिली' म्हटलं की तो पाहुण्यांसमोर हसतो. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या गेट-टुगेदर्समधला हा ठरलेला विनोद. मला राग येतो, मग मी मुद्दाम जास्तच नागपुरी बोलते.

माझं काम घरूनच चालतं. जुन्या ब्रिटिश सिनेमांचा आवाज स्वच्छ करायचा. या वेळच्या सिनेमात उत्तर इंग्लंडमधली एक गिरणीकामगार बाई होती. क्लायंटने कळवलं, हिचे उच्चार अमेरिकन प्रेक्षकांना कळत नाहीत, सपाट करा. गिरणीमालकाच्या नाकातल्या इंग्रजीला मात्र हात लावायचा नव्हता. मला ते खटकलं, पण काम ते काम. सॉफ्टवेअरने मी तिचं एकेक वाक्य घासूनपुसून काढलं.

संध्याकाळी केदारने चहाला हाक मारली.

"येतेय," मी म्हणाले.

"अरे वा! फायनली पुणेकर झालीस यार!"

मी माझ्या पद्धतीने पुन्हा म्हणून पाहिलं. जीभ वळेना. शब्द आठवत होते, पण तोंडून निघत होतं ते बातम्यांमधलं मराठी. केदारला गंमत वाटली. मी घाबरले.

सकाळी उठून मी आधी ते सगळं काम अनडू केलं. बाईचे मूळ उच्चार परत यायला हवे होते. प्ले केलं. पडद्यावर ती मागापाशी उभी होती, कपाळावरचा घाम पुसत. तिचे ओठ हलले.

"काय करून राहिली व?"

आवाज माझा होता.

मी हेडफोन काढून टाकले आणि नागपूरला आईचा मोबाईल लावला. आईने मला ओळखलं की झालं, एवढंच डोक्यात होतं. मोबाईल बिझी लागला. मग घरचा लँडलाइन लावला. तिने उचलला.

"आई, मी निधी."

ती परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाली, "थट्टा करता का ताई? निधी तर मोबाईलवर बोलून राहिली माझ्याशी."

"आई, ती मी नाही!"

आईच्या दुसऱ्या हातातल्या फोनमधून गिरणीतल्या यंत्रांची धडधड ऐकू आली. त्यातून माझाच आवाज.

"कोन आहे व आई?"

"राँग नंबर आहे, बेटा," आई तिला म्हणाली.