मधली खुर्ची

दिवा राहू दे, इतक्यात मालवू नकोस. तू पुढच्या आठवड्यात बोटीवर रुजू होणार. पगार किती, गणवेश कसा, बोट लागली तर काय करायचं, हे सगळं तुला एव्हाना दहा जणांनी सांगितलं असेल. मी एका खुर्चीबद्दल सांगतो.

माझं काम साधं होतं. पर्यटकांची मोठी बोट, तिचा वरचा मोकळा डेक आणि त्यावर रांगेनं मांडलेल्या लांब आरामखुर्च्या. सकाळी खुर्च्या पुसायच्या, गाद्या घालायच्या, काउंटरवर टॉवेल द्यायचे आणि संध्याकाळी सगळं गोळा करायचं. मला कुणी नावानं हाक मारत नसे. ‘ए टॉवेलवाला’ म्हणत. एका बाईंनी मला विचारलं होतं, बोट जरा वळवून घेता येईल का, ऊन डाव्या गालावरच लागतंय. एका गृहस्थांनी लेखी तक्रार केली की समुद्राचा आवाज सारखा तोच तोच आहे. मी समाजशास्त्राचा पदवीधर. समतेवर भाषणं देऊन कपाटभर पेले मिळवलेला. आत नुसता धुमसायचो.

आमच्या डेकच्या मुकादमाला सगळे मामा म्हणत. गोल पोटाचा, गमत्या माणूस. तो म्हणायचा, “भाषणबहाद्दर, बोटीवर जाती दोनच. एक पसरणारी, एक आवरणारी. आपण आवरायचं.”

सगळ्यात जास्त डोकं फिरायचं ते खुर्च्या धरण्यावरून. लोक सकाळी खुर्चीवर टॉवेल पसरायचे, वर एखादं पुस्तक ठेवायचे आणि न्याहारीला, पोहायला, नाहीतर पुन्हा झोपायला निघून जायचे. नियम असा की अर्धा तास कुणी फिरकलं नाही तर आम्ही टॉवेल उचलून काउंटरवर ठेवायचा आणि खुर्ची मोकळी करायची. भिंतीवर तशी पाटीच होती. पण महागड्या केबिनमधल्यांचा टॉवेल कुणी उचलत नसे.

“पाटी वाचायला असते रे,” मामा म्हणायचा.

त्या सफरीत पुढच्या रांगेत, कठड्याला लागून, एक जोडपं बसायचं. वकीलसाहेब आणि त्यांची मॅडम. दोन माणसं आणि तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर रोज टॉवेल आणि पुस्तक, आणि तिथं कधीच कुणी बसत नसे. दोघं एकमेकांशी बोलत ते त्या खुर्चीवरून, पण तिच्याकडे न बघता. कुणी जवळ येऊन सहज विचारलं, “इथं कुणी आहे का?” तर मॅडम काळा चष्मा न काढता म्हणायच्या, “डोळे नाहीत? चालते व्हा.” लहान मुलांनाही तेच. एकदा एक म्हातारे गृहस्थ नुसते टेकायला म्हणून वाकले, तर वकीलसाहेबांनी त्यांच्यापुढे काठीसारखा पाय आडवा घातला. इतका उर्मटपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

आणि त्याच सफरीत काकू होत्या. निवृत्त शिक्षिका, प्राथमिक शाळेतल्या. छातीचं मोठं दुखणं काढून उठलेल्या. हवापालट व्हावा म्हणून मुलानं पाठवलेलं, पण त्याला परवडली ती सगळ्यात खालची, बिनखिडकीची केबिन. त्या रोज वर यायच्या, जागा नाही म्हणून जिन्यापाशी उभ्या राहायच्या आणि धापा टाकत समुद्राचा जेवढा तुकडा दिसेल तेवढा बघायच्या. कुणी मागून आलं की भिंतीला चिकटून वाट द्यायच्या. समोरच्यानं आभार मानले नाहीत तरी स्वतःच “असू दे, असू दे” म्हणायच्या.

“काकू, डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बसायला सांगितलंय ना?”

“सांगितलंय बाळ. पण लोकांनी आधी जागा धरलेल्या असतात. आपण कशाला कुणाच्या मध्ये.”

“उद्या तुम्ही पुढच्या रांगेत बसणार. मी सांगतो ना.”

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. वकीलसाहेब आणि मॅडम न्याहारीला खाली गेले आणि अर्ध्या तासाच्या वर लोटलं तरी आले नाहीत. मी सरळ जाऊन मधल्या खुर्चीवरचं पुस्तक उचललं, मग टॉवेल. टॉवेल ओला होता. म्हणजे पोहून आल्यावर असतो तसा नव्हे. जड, गार, पिळला असता तर बादली भरली असती. भर उन्हात. आणि त्याला वास होता, फुलदाणीत फार दिवस राहिलेल्या पाण्यासारखा. मी गादी बदलली, कोरडं घोंगडं घातलं आणि काकूंना हाताला धरून आणलं.

त्या बसल्या, पाय पसरले, आणि समोरचा अख्खा समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. मग म्हणाल्या, “किती मोठा आहे रे.” मला माझे सगळे पेले त्या एका वाक्यापुढे पत्र्याचे वाटले.

दुपारी धुकं आलं. समुद्रावर ते येतं तेव्हा चाहूल लागत नाही. आधी कठड्याच्या पलीकडचं पाणी गेलं, मग कठडा. भोंगा सुरू झाला. धुक्यात बोट थोड्या थोड्या वेळानं भोंगा वाजवते. तो पायांतून छातीत चढतो आणि थांबला की कानात नुसती पोकळी राहते. लोक टॉवेल टाकून आत पळाले. डेक रिकामा झाला. काकूंना गाढ झोप लागली होती, इतक्या दिवसांनी पहिली, म्हणून मी त्यांना हलवलं नाही. घोंगडं गळ्यापर्यंत ओढलं आणि काउंटरवर जाऊन घड्या घालत बसलो.

तिथं मॅडम आल्या, मागे वकीलसाहेब. मी कंबर कसून तयार होतो. भांडण होणार, कॅप्टनकडे तक्रार जाणार, माझी सगळी वाक्यं पाठ होती. पण मॅडमनी काउंटरवरचं पुस्तक पाहिलं आणि चष्मा काढला. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. कितीतरी रात्री झोप नसलेले डोळे होते ते.

“हे… कुणी उचललं?”

“मी. नियम आहे, मॅडम. भिंतीवर पाटी…”

“तिथं कुणी बसलंय का?”

“आजारी बाई आहेत एक. तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे त्यांना.”

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी काउंटरची कड धरली. “तिला उठव. आत्ता. त्यानं विचारायच्या आत.”

“कुणी?”

भोंगा वाजला. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग इतक्या हळू बोलल्या की मला काउंटरवर वाकावं लागलं.

“तो जागा मागतो. फार अदबीनं मागतो. आमच्याकडेही अशाच एका सफरीत मागितली होती. धुकंच होतं. हे म्हणाले, बसा ना. झालं, तेवढंच. तेव्हापासून तो आमच्याबरोबर आहे. गाडीत, जेवणाच्या टेबलाशी, सगळीकडे. त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवली की तो गप्प बसतो. धरली नाही, की जवळ जो असेल त्याला विचारतो. आणि कुणी गोड बोलून जागा दिली, की मग तो त्या माणसाचा.”

“आणि मग?”

“मग तो सरकत राहतो. माझ्या सासूबाईंचा स्वभाव फार गोड. त्याला नाही म्हणायच्या नाहीत…” त्या थांबल्या. “शेवटी शेवटी त्यांना स्वतःच्याच पलंगावर जागा उरली नव्हती. त्या गेल्या, आणि तो परत आमच्याकडे आला.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. लोकांना हाकलून लावणारा त्यांचा आवाज मला आठवत होता. चालते व्हा. आठवणीत तो आता वेगळाच ऐकू यायला लागला.

“तोडून बोललं की तो मागे हटतो,” त्या म्हणाल्या. “तिला येतं का तोडून बोलायला?”

काकूंना? जिन्यावर भिंतीला चिकटणाऱ्या काकूंना?

मी निघालो, तशा मॅडमही निघाल्या. पण वकीलसाहेबांनी त्यांचं मनगट धरलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “आता बसलीय ना ती. काही माणसांना सवयच असते जागा द्यायची.”

त्या वाक्याचा राग मला आजही येतो. भुताचा येत नाही, त्या वाक्याचा येतो. आणि मॅडमनी हात सोडवून घेतला नाही, हेही मी पाहिलं.

मी धुक्यात शिरलो. रोजचा पायांखालचा डेक, पण रांगा सापडेनात. ओल्या फळ्यांवरून बूट घसरत होते. पुन्हा भोंगा. तो संपल्यावर उरलेल्या शांततेत मला काकूंचा आवाज आला. गप्पांचा आवाज. आपण शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलतो तसा.

“…नाही हो, एकटीच आहे मी…”

“काकू,” मी हाक मारली. “काकू, बोलू नका. उठा तिथून.”

धुक्यात त्या दिसल्या. उठून बसल्या होत्या. चेहरा उजवीकडे वळवलेला, तोंडावर पाहुण्यासाठी असतं तसं हसू. उजवीकडे कुणी नव्हतं. सगळा डेक रिकामा होता, पन्नासेक खुर्च्या मोकळ्या होत्या, आणि कुणीतरी नेमकी तीच मागत होतं.

“काकू, नाही म्हणा. नुसतं नाही म्हणा…”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किंचित भुवया उंचावल्या. वर्गात मध्येच बोलणाऱ्या मुलाकडे बघावं तसं. मग पुन्हा उजवीकडे वळल्या.

“अहो, त्यात काय विचारायचं,” त्या म्हणाल्या. “बसा ना. मी सरकते.”

आणि त्या सरकल्या. डाव्या कडेला अंग चोरून बसल्या आणि मोकळ्या झालेल्या भागावर हातानं थोपटलं. मी गाद्या रोज घालायचो. माणूस बाजूला झाला की स्पंज हळूहळू वर येतो, हे मला ठाऊक होतं. तो वर आला नाही. आणखी खाली गेला. आरामात, पाठ टेकत, पाय लांब करत गेला. आणि गादीच्या कडेवरून पाणी थेंब थेंब फळ्यांवर पडायला लागलं.

मी काकूंना उचलूनच आत नेलं. बोटीच्या डॉक्टरनं तपासलं. सगळं उत्तम होतं, उलट छाती पूर्वीपेक्षा मोकळी होती. मी मामाला सगळं सांगितलं. मामा नेहमीसारखा काहीतरी बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, “ती गादी समुद्रात टाकून ये.” पुढे त्यानं तो विषय काढू दिला नाही.

उरलेले दिवस मॅडम सगळ्यांशी हसून बोलत होत्या. मुलांच्या गालांना हात लावत होत्या. मला म्हणाल्या, “थँक यू हं, बाळ.” वकीलसाहेब दोनच खुर्च्या घेऊन लागून बसायचे, बायकोचा हात हातात घेऊन. तिसरी त्यांनी स्वतः उचलून रांगेबाहेर नेऊन ठेवली होती. लोक म्हणायला लागले, काय सुधारलं बघा हे जोडपं, समुद्राची हवा मानवली.

काकू वर यायच्या नाहीत. शेवटच्या दिवशी मात्र मी त्यांना पाहिलं. मॅडम त्यांना कठड्यापाशी घेऊन उभ्या होत्या. त्यांचा हात हातात धरून, नव्या सुनेला घरची रीत समजावून सांगावी तसं, बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. काकू मान हलवत होत्या. डोळ्यांना पदर लावत होत्या आणि मान हलवत होत्या. मी जवळ गेलो.

“काकू, मला माफ…”

“पुढे येऊ नकोस,” त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण शब्द धारदार होते. नव्यानं पाठ केलेले. “टॉवेलवाला आहेस, टॉवेलवाल्यासारखा राहा.” आणि मग, ओठ न हलवता, अगदी हळू, “जा ना रे बाळ.”

बोट धक्क्याला लागल्यावर मी डेकवरून खाली बघत होतो. वकीलसाहेब आणि मॅडम गर्दीतून झपझप निघून गेले. काकू एका लांब बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. शेजारी पिशवी ठेवून जागा अडवलेली. त्यांचा मुलगा त्यांना शोधत आला. तिशीचा, हसतमुख, आईसारखाच. तो वाकून पाया पडला आणि पिशवी उचलून तिथं बसायला लागला.

“तिथं बसायचं नाही,” काकू खेकसल्या. वरपर्यंत ऐकू आलं. “डोळे नाहीत तुला?”

मुलगा दचकला, मग हसला. आई प्रवासानं दमलीय, असं त्याला वाटलं असणार. त्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि तो बसला. लगेच त्याची मान दुसऱ्या बाजूला वळली. तिकडे बाक मोकळा होता. कुणी काही विचारावं आणि नीट ऐकू येऊ नये, तसा तो किंचित वाकला.

काकूंनी त्याच्या तोंडावर हात दाबला. दोन्ही हात दाबले. पण हातांच्या वर त्याचे डोळे अदबीनं हसत होते, आणि तो बाकावर हळूहळू आईकडे सरकत होता.