धार–देवास बसमधली दुनाळी

पेटीचं झाकण जरा चिकटून बसलं होतं. भाऊंनी अंगठ्यानं रेटलं, तसा बारीक कडकड आवाज झाला आणि वाळलेल्या कुंकवाची खपली अक्षतांसकट खाली आली. किमयानं सवयीनं ओंजळ पुढे केली. देवाचं काही जमिनीवर पडू द्यायचं नाही, ही घरातली शिस्त.

अक्षता देव्हाऱ्यात ठेवायला ती वळली आणि मागे भाऊंचा श्वास अडकल्याचं तिला ऐकू आलं.

पेटीत बंदूक नव्हती.

गोणपाटात करकचून बांधलेला लोखंडी पाइप होता. शेतात स्प्रिंकलरला असतो तसला. वजनाला बरोब्बर बंदुकीएवढा.

"इंदूरला तर होती," अभिषेक म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा, मी स्वतः बघितली."

भाऊ मटकन खुर्चीत बसले. शरदचंद्र हे त्यांचं नाव फक्त लायसन्सवर. घरीदारी सगळ्यांचे भाऊ. किमयाचे काका आणि तिचे नेमबाजीचे गुरूही. उद्या तिची निवड चाचणी होती, पण या घडीला ती चाचणी तिच्या डोक्यातूनच गेली. बारा बोअरची दुनाळी कुठेतरी कुणाच्यातरी हातात होती.

दर खंडेनवमीला बंदूक धारला अक्काकडे जायची. अक्का भाऊंची थोरली बहीण, अभिषेकची आई. घराण्यातली शस्त्रं तिच्याच देव्हाऱ्यापुढे पुजली जायची. बंदूक आणि काडतुसं रात्रभर पूजेत राहायची. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली की बंदुकीचे भाग सुटे करून पेटीत भरायचे, कुलूप लावायचं. मग अक्का झाकणाच्या फटीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून त्यावर अक्षता चिकटवायची. "घरी पोचेपर्यंत हिनं डोळे उघडायचे नाहीत," असं म्हणायची. दरवर्षी हेच. त्याकडे आता कुणी बघायचंही नाही.

भाऊंचा खांदा आखडलेला, म्हणून आज पेटी उचलायला अभिषेक सोबत आला होता.

किमयाच्या बाबांनी देवासच्या ठाण्यात फोन केला. सबइन्स्पेक्टर प्रियांका मोहिते आल्या. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ पेटीपुढे बसल्या.

"कुलूप तोडलंय?"

"नाही," भाऊ म्हणाले. "अडकवलेलं होतं, पण दाबलेलं नव्हतं."

"भरली कुणी?"

"मी," अभिषेक म्हणाला. "मामा आंघोळीला गेले होते. किल्ली त्यांनीच दिली, ती माझ्याकडेच राहिली."

"बसमध्ये कुठे होती?"

"इंदूरपर्यंत आमच्या मांडीवर," किमयानं सांगितलं. "शेजारचा एक माणूस विचारत होता, भिया, सतार है क्या. देवासच्या बसमध्ये कंडक्टर ऐकेना, म्हणून डिकीत ठेवली."

"और इंदूर में?"

"स्टँडवर हवालदारानं हटकलं, मॅडम," अभिषेक म्हणाला. "मामा तिकिटाच्या रांगेत होते, ही पाण्याची बाटली आणायला गेली होती. मी पेटी उघडून दाखवली. बंदूक होती. घाईत कुलूप नीट लागलं नसेल, मेरी ही गलती है. आमच्या बसमध्ये गमछ्यानं तोंड बांधलेला एक माणूस होता. तो वाटेत शिप्रा गावाला उतरला. डिकीतून त्यानंही सामान काढलं."

प्रियांका मॅडमनी मान हलवली. सगळं बसत होतं. गमछावाला, डिकी, शिप्रा.

"काडतुसं?"

"ती माझ्यापाशी." भाऊंनी कमरेच्या पट्ट्यातून खोकं काढलं. "प्रवासात ती बंदुकीसोबत ठेवत नाही. परवानाधारकाच्या अंगावरच असतात."

वरचा थर ठीक होता. किमयानं खालचं एक काडतूस उचललं आणि तिच्या बोटांना लगेच कळलं. हलकं होतं. झाडलेलं. सरावानंतर ती पोतंभर गोळा करायची तसलंच एक, तोंड दाबून मिटवलेलं. दुसरं उचललं, तेही तसंच.

बाहेर देवीच्या टेकडीकडे जाणाऱ्यांची वर्दळ होती, ढोल वाजत होता. नुसती बंदूक चोरणारा भंगारातही विकेल. काडतुसं नेणाऱ्याला ती झाडायची असते.

प्रियांका मॅडमचा आवाज बदलला. "भाऊ, गमछावाल्यानं तुमच्या कमरेचा पट्टा सोडला का?"

"नाही."

"मग पट्टा तुमचा, किल्ली तुमची, बंदूक तुमची. ती आज कुणावर चालली, तर मी आधी कुणाला विचारू?"

आयुष्यभर पोरांना नळी जमिनीकडे धरायला शिकवणारा माणूस खाली मान घालून बसला होता.

"ठाण्यात चला."

"मॅडम, मी निघू का?" अभिषेकनं घड्याळाकडे पाहिलं. "संध्याकाळी पीथमपूरला कारखान्यात शिफ्ट आहे. स्टेटमेंट उद्या देतो."

किमयानं चमकून बाबांकडे पाहिलं. बाबाही कारखान्यात कामाला होते, आणि आज घरी बसून श्रीखंड खात होते, कारण यंत्रांना हार घालून कारखाना बंद होता. ते स्वतःच म्हणाले होते, आज माळव्यात एकही मशीन फिरणार नाही.

तिला बसमधला फोन आठवला. अभिषेकदादा खिडकीकडे तोंड करून हळू बोलत होता, "आयुष भिया, शाम को मैदान पे मिल. मागच्या भिंतीपाशी. रावण जळताना." आयुष धारला अक्काच्या समोरच राहायचा. नालछ्याच्या रस्त्यावर अभिषेकच्या गाडीखाली एक बाई गेली, तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. गाडीत दोघंही होते. चालवत कोण होतं, हे आयुष सोमवारी कोर्टात सांगणार होता. दोस्ती परत जमली म्हणून बसमध्ये किमयाला केवढं बरं वाटलं होतं.

तिनं कुंकवाच्या खपलीवर अजून मिटलेली डावी मूठ उघडली.

"दादा," ती म्हणाली, "इंदूरला झाकण पूर्ण उघडलंस, की नुसती फट केलीस?"

"पूर्ण. हवालदारानं हात लावून बघितली बंदूक."

"नक्की?"

"अगं हो. आता तू माझी तपासणी घेणार?"

"घेते," किमया म्हणाली. "मॅडम, झाकण बघा. अक्कानं सकाळी फटीवर स्वस्तिक काढलं. अर्धं झाकणावर, अर्धं पेटीवर, मधे अक्षता. कुंकू वाळलं की कवच होतं. एकदा झाकण उचललं की ते फुटणारच. ते इंदूरला फुटायला हवं होतं. ते फुटलं इथे, भाऊंच्या अंगठ्याखाली, आणि पडलं माझ्या हातात."

प्रियांका मॅडम तिच्या तळहाताकडे बघत राहिल्या. "पुन्हा काढलं असेल तर?"

"बसस्टँडवर कुंकू कालवून अक्षता चिकटवत कोण बसतं, मॅडम?"

बाबांच्या हातातली वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"कुलूप दादानं वाटेत सैल केलं, म्हणजे चोरी बसमध्ये झाली असं वाटावं. पण झाकण उचललंच नाही. उचलायचं कशाला? आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. स्वस्तिकाआधी पेटी एकट्या त्यानं भरली. काडतुसं त्याच्याच घरात रात्रभर पूजेत होती, ती तेव्हा बदलली. आज कारखाने बंद, मग शिफ्ट कसली? त्याला धारला जायचंय. तिथे आयुषदादाला त्यानं भिंतीपाशी बोलावलंय. फटाक्यांत बार कुणाला ऐकू येणार? आणि बंदूक तर दुपारीच चोरीला गेली, तशी तक्रारही होणार. भाऊंच्या सहीची."

"वेडी झालीय ही," अभिषेक हसला. "मग बंदूक काय मी गिळली?"

"सकाळी धारहून निघताना दाराशी तुझी वळकटी होती. माझा पाय लागला तर केवढा ओरडलास. गादीला पाय लागला म्हणून कुणी इतकं ओरडतं?"

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. तो उठला, पण प्रियांका मॅडम आधीच दारात होत्या, आणि त्यांच्यासोबत आलेला शिपाई अंगणात.

भाऊंनी अक्काला फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"अक्का, अभिषेकची वळकटी सोडून बघशील का गं?"

"आज? सणाचं? काय हवंय?"

"सोड तू."

दोरी ओढल्याचा आवाज आला. गादी जमिनीवर आपटली.

"नळी आहे," अक्का म्हणाली. "दस्ता आहे. काडतुसं आहेत." ती थांबली. "शरद, तो तुझ्यासमोर आहे का?"

"आहे."

"त्याला घरी पाठवू नकोस."

अभिषेकनं डोळे मिटले. "तो मला आत टाकणार होता, मामा," तो एवढंच म्हणाला. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

प्रियांका मॅडमनी धारच्या ठाण्याला कळवलं. अभिषेकला घेऊन जीप गल्लीबाहेर गेली. दिवेलागणीला भाऊंनी आयुषला फोन केला. पलीकडे नुसता गलका होता, लाउडस्पीकर, पोरांचा आरडाओरडा, पहिले बार.

"हां भाऊ, बोला. अभिषेक तुमच्याकडून निघाला का? मी कधीचा मागच्या भिंतीपाशी उभा आहे."

भाऊंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"तो येणार नाही, बाळा. तू तिथून नीघ. अक्काकडे जाऊन बस," ते म्हणाले. "ती आज एकटी आहे."