काजव्यांचा पूल

"हे कोणी लिहिलंय?"

दुकानाच्या दारात एक उंच माणूस उभा होता. एका हातात गेमचा डबा, दुसऱ्या हातात पिवळी चिठ्ठी. चिठ्ठी अशी चिमटीत धरलेली, जणू आत्ताच उपटलेला किडका दात. तसं त्याचं कामच ते. कोपऱ्यावर लहान मुलांच्या दातांचा दवाखाना होता, तिथला हा डॉक्टर. येऊन चार महिने झाले होते, पण गेम त्याने दवाखान्यातल्या नर्सबाईकडून मागवला होता, दुकानाची पायरी स्वतः आज पहिल्यांदाच चढत होता.

गल्ल्यावर भिंगरी बसली होती. बसली म्हणजे काय, एक पाय स्टुलावर, दुसरा हवेत. तिचं खरं नाव मामालाही आठवून सांगावं लागायचं. जिचं बूड चार मिनिटं एका जागी टेकत नाही, तिला दुसरं काय म्हणणार? मामाच्या दुकानात नवा गेम आला की भिंगरीने तो खेळून बघायचा, आणि कसा वाटला ते चार ओळींत लिहून डब्याला चिकटवायचं, अशी रीत होती. टीव्हीला जोडायचे असोत की मोबाइलवरचे, घरातल्या लहानथोरांना एकत्र बसून खेळता येतील असेच गेम मामा ठेवायचा. मारामारी, रक्तबिक्त त्याच्याकडे नाही. गिऱ्हाईक डबा बघायचंच नाही, आधी चिठ्ठी वाचायचं.

"मी लिहिलंय," भिंगरी म्हणाली. "का? अक्षर लागत नाही?"

"अक्षर छान लागतंय. 'तळ्यातली बदकं. शांत गेम. कोणी घाबरत नाही, कोणी रडत नाही.'" त्याने वाचून दाखवलं. "दवाखान्यात पोरं ताटकळत बसतात, जरा रमतील म्हणून मी हा बाहेरच्या खोलीत लावला. चौथ्या लेव्हलला तळ्यातून मगर निघाली."

"मगर?"

"सगळे दात दाखवत. टीव्हीभर जबडा. पाच पोरं एकदम रडायला लागली. एक मुलगी तर आईला ओढत पळाली, तिची दाढ अजून तशीच आहे."

कपाटामागे मामा खोकला. हसू दाबायची त्याची ती जुनी तऱ्हा. भिंगरीचे कान तापले, पण मान खाली घालेल तर ती भिंगरी कसली.

"मी चौथ्या लेव्हलपर्यंत गेले नव्हते."

"मग कुठपर्यंत गेला होतात?"

"अर्धा तास खेळले. कुठलाही गेम मी अर्धा तासच खेळते. पुढे... जीव रमत नाही."

"म्हणजे उंबऱ्यात उभं राहून घर कसं आहे ते सांगता."

"तुम्ही नाही का, जरा तोंड उघडायला लावलं की लगेच सांगता काय काय सडलंय ते."

डॉक्टरने डबा गल्ल्यावर ठेवला. मग हसला. त्याचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. दातांच्या डॉक्टरचेच दात वाकडे... भिंगरीला ते उगाचच फार आवडलं.

"रविवारी दवाखाना बंद असतो," तो म्हणाला. "दुपारी या. जो गेम पोरांसाठी ठेवायचा, तो आधी माझ्यासमोर शेवटपर्यंत खेळा. मग लिहा काय लिहायचं ते."

शेवटपर्यंत. हा शब्द भिंगरीला कधी पचला नव्हता. शिवणाचा वर्ग तिने बाहीपर्यंत येऊन सोडला होता, पोहणं पाण्यात उतरून सोडलं होतं, आणि एक ठरत आलेलं लग्नही 'बघू' म्हणत सोडलं होतं. नाहीच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "किती वाजता?"

पहिल्या रविवारी दार डॉक्टरच्या आईने उघडलं. दवाखान्याच्या वरच दोघं मायलेक राहत. बाई करारी, नजर सुईच्या अणीसारखी.

"तूच का ती मगरवाली?" आई म्हणाली. "ये. पाय पूस."

बाहेरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या लहान मुलांच्या मापाच्या. दोघं गुडघे हनुवटीला लावून शेजारी शेजारी बसली. आई मागे मटार सोलत बसली. लक्ष मटारात नव्हतं, हे सांगायला नको.

दोघांनी 'ढगांचं दुकान' संपवला. दिसायला सुरेख, पण त्यातला म्हातारा ढगवाला इतकं बोलतो की गिऱ्हाईक झोपेल, असं भिंगरीने लिहिलं. मोबाइलवरचा 'पेटी भर' घेतला. त्यात प्रवासाची पेटी न दाबता, न चुरगळता भरायची. आईने मागून डोकावून पाहिलं. "इस्त्रीच्या सदऱ्यावर बूट? हिला कोणी वळण लावलं नाही वाटतं," म्हणाली, मोबाइल हिसकावून घेतला आणि चहाच्या वेळेपर्यंत परत दिला नाही.

मग आला 'दोन काजवे'. दोघांनी मिळून खेळायचा. एक काजवा हिरवा, एक पिवळा. अंधाऱ्या रानातून वाट काढायची, पण एकमेकांपासून लांब गेलं की दोघांचाही उजेड मंद होतो. भिंगरी पुढे पळायची, मागून तो म्हणायचा, "थांबा... दिसेनासं होतंय." आणि ती थांबायची. आयुष्यात तिला आईबापांनी थांब म्हटलं, शिक्षकांनी म्हटलं, मामाने तर घसा कोरडा केला. ती थांबली ती एका हिरव्या काजव्यासाठी. त्याच्या हातांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा. घरी गेल्यावरही तो वास तिच्या कंट्रोलर धरलेल्या बोटांवर असायचा, आणि पोरगी रात्रीची भाजी फोडणीला घालायची विसरायची.

शेवटच्या लेव्हलला एक झुलता पूल होता. दोन्ही काजव्यांनी एकाच क्षणी पाऊल टाकायचं. एक जरी आधी किंवा नंतर पडला, तर पूल मोडतो आणि दोघं खाली.

पुलाच्या पहिल्या रविवारी तो अकरा वेळा मोडला. दुसऱ्या रविवारी चौदा. लेकराला कळूही न देता दाढ काढणारा माणूस तो, आणि नेमका पुलावर त्याचा अंगठा घसरायचा. भिंगरीचा का घसरत होता, ते तिला पक्कं ठाऊक होतं. गेम संपला की रविवार संपले.

त्याच आठवड्यात पत्र आलं. तीन तासांवरच्या शहरात गेम बनवणारी एक कंपनी होती. तिथल्या कोणीतरी मामाच्या दुकानात पिवळ्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या. 'नोकरीला इथे या. आमचे गेम बाजारात जाण्याआधी शेवटपर्यंत खेळा आणि असंच नाक न मुरडता, पण खरं खरं लिहा. सोमवारपर्यंत कळवा.'

तिसऱ्या रविवारी नवव्यांदा पूल मोडल्यावर तिने त्याला ते सांगितलं. टीव्हीकडे बघतच.

त्याने कंट्रोलर हातात फिरवला. मग म्हणाला, "अभिनंदन."

बस. एवढंच. पेढीवरचा कारकून पावती देताना म्हणतो तसं.

"कळवायचं उद्या आहे, पण मी आठवडाभर मुदत मागून घेतेय," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

तो आठवडा भिंगरीने कसा काढला, ते मामाला विचारा. तिने कपाटातले डबे रंगाप्रमाणे लावले, मग नावाप्रमाणे, मग पुन्हा रंगाप्रमाणे. चिठ्ठीवर 'हा गेम बरा' एवढंच लिहून तीनदा खोडलं. मामा शेवटी म्हणाला, "घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळतंय. पण जाऊन विचारणार तूच आहेस ना?"

"मी का विचारू? त्याला तोंड नाही?"

"तोंडं बघण्यातच त्याचा दिवस जातो गं. स्वतःचं कधी उघडणार?"

रविवारी ती गेली तेव्हा आई नेहमीच्या जागी होती, पण पुढ्यात मटार नव्हते. डॉक्टरने टीव्ही लावला. 'दोन काजवे' सुरू केला.

पूल नव्हताच. पहाट झालेली, रान उजळलेलं, दोन काजवे एका पानावर शेजारी बसलेले, आणि खालून वर बनवणाऱ्यांची नावं सरकत होती. गेम संपला होता.

डॉक्टरने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा कंट्रोलरकडे. "हे... हे कोणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "मी आणि नर्सबाईने. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत. दुसऱ्या खेपेला पार झालो."

"आई, तो आमचा खेळ होता. आमचा सेव्ह केलेला."

"असेल. तीन आठवडे दोन शहाणीसुरती माणसं एका पुलावरून मुद्दाम पडताना मी मागे बसून बघतेय. तू एकदा, ती एकदा. पाळी लावल्यासारखी. माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय, आंधळी नाही झाले मी." ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "आता पूल नाही. जे काय आहे ते जमिनीवर बोला. मी चहा टाकते. बोलून झालं तरच वर या."

जिन्यावर तिची पावलं वाजत गेली.

"तुम्ही मुद्दाम पडत होतात?" भिंगरीने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"हो."

टीव्हीवरची नावं सरकून संपली होती. तिथे आता काहीच नव्हतं.

"मग अभिनंदन का म्हणालात?"

"तोंडात वेगळं होतं... बाहेर आलं नाही."

"लोकांच्या तोंडातलं बरं ओढून काढता."

"त्यांना आधी सुन्न करतो," तो म्हणाला. "मला कोण करणार? मी सुन्न झालो ते तुम्ही पत्राचं बोललात तेव्हा. मनात आलं, जाऊ नका म्हणावं. मग वाटलं, काम तुमच्या जोगतं आहे, मी कोण अडवणारा. आणि मधलं काही... सुचेना."

"मधलं आत्ता सुचतंय का?"

त्याने कंट्रोलर खाली ठेवला. हात रिकामे झाल्यावर ते कुठे ठेवावेत, हे त्याला कळेना. "जा," तो म्हणाला. "पण माझी म्हणून जा. मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी भांडलीस तेव्हापासून."

एरवी सतत हलणारा भिंगरीचा पाय आज हलत नव्हता. तिला ते एकदम जाणवलं.

"मी अर्ध्यात सोडते सगळं," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. मागून म्हणू नकोस."

"दहा रविवार झाले."

"तेच तर. दहा रविवार मी या पोरांच्या खुर्चीत गुडघे दुमडून बसले, आणि एकदाही घड्याळ बघितलं नाही." तिने आवाज कडक केला. "मी उद्या हो कळवणार. तीन तासांचा रस्ता आहे. एका रविवारी तू यायचंस, एका रविवारी मी. दमलो, पेशंट होते, असलं काही ऐकणार नाही. आणि घरी येऊन माझ्या आईबापांशी तूच बोलायचंस. अभिनंदन न म्हणता."

"त्यांच्याशी काय बोलू?"

"माझ्याशी आत्ता बोललास ते. फक्त जरा लवकर."

तो हसला, वाकडा दात दाखवत, आणि त्याने हात पुढे केला. ती तो धरून बसली. घट्ट.

वरून आईने हाक मारली, चहाचा काढा झाला म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा मारली. त्या दोघांना ती ऐकूच आली नाही. निदान आईला त्यांनी सांगितलं तरी तसंच.